अंगमेहनतीचं काम म्हणजे व्यायाम नाही

"त्याला कशाला पाहिजे वेगळा व्यायाम, दिवसभर राबतोच की तो." हे वाक्य मी इतक्या लोकांच्या तोंडून ऐकलंय, डॉक्टरांच्या सुद्धा, की आता ते कानावर पडलं की राग येतो. ऐकायला ते कौतुक वाटतं, पण त्यात त्या माणसाच्या तब्येतीकडे बघायचंच टाळलेलं असतं. पोती वाहणारा हमाल, बांधकामावर घमेली उचलणारी बाई, गोडाऊनमध्ये पार्सलं लावणारा पोरगा, हॉस्पिटलात पेशंटची कूस बदलणारी आया, यांची शरीरं कामानेच आपोआप फिट राहतात असं आपण धरून चाललोय, आणि हार्ट अटॅक, बीपी, स्ट्रोक हे सगळे खुर्चीत बसणाऱ्यांचे आजार असं डोक्यात पक्कं बसलंय. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. अंगमेहनत वाईट नाही. पण ज्या अंगमेहनतीत दम खायची सोय नाही आणि कामाचा वेग भलताच कुणीतरी ठरवतो, ती हार्टला झिजवते आणि मज्जासंस्थेला लवकर म्हातारं करते असं मानायला आता भरपूर कारण आहे. त्यामुळे कामातला विसावा ही मुकादमाची मेहरबानी असता कामा नये, हेल्मेट आणि बूट जसे नियमाने मिळतात तसा तोही नियमाने आणि भरपगारी मिळाला पाहिजे.

हा समज आला कुठून ते आधी बघू, कारण तो काही हवेतून आलेला नाही, चांगल्या संशोधनातून आलाय. १९५३ साली जेरी मॉरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात लंडनच्या बसवरच्या कर्मचाऱ्यांचा अभ्यास छापला. एकच बस, दोन माणसं. ड्रायव्हर दिवसभर बसून आणि कंडक्टर डबलडेकरचा जिना दिवसभर वर-खाली करणारा, रोजच्या ५०० ते ७५० पायऱ्या. कंडक्टरना हृदयविकार कमी होत होता आणि झाला तरी उशिरा होत होता. पोस्टातही तसंच निघालं, पत्रं वाटत फिरणारे पोस्टमन टेबलावर बसणाऱ्या कारकुनांपेक्षा बरे. पुढे मॉरिस यांनीच युनिफॉर्मची मापं काढून तपासलं तर ड्रायव्हर लोकांची कंबर तरुण वयापासूनच जास्त भरत होती, म्हणजे सगळं श्रेय काही जिन्याला देता येत नाही, आणि हे त्यांनी स्वतः शोधून स्वतः छापलं, हा प्रामाणिकपणा मला फार मोलाचा वाटतो. मग १९७५ मध्ये राल्फ पॅफेनबर्गर यांनी सॅन फ्रान्सिस्कोच्या गोदीतल्या ६,३५१ कामगारांचा २२ वर्षांचा हिशोब मांडला आणि त्यातही जड काम करणाऱ्यांमध्ये हार्टने होणारे मृत्यू कमी दिसले.

या दोन अभ्यासांनी जगाला 'हालचाल करा' हे शिकवलं आणि ते बरोबरच होतं. गडबड नंतर झाली, जेव्हा आपण कुठलीही हालचाल सारखीच धरायला लागलो.

कंडक्टरचं काम नीट डोळ्यासमोर आणा. जिना चढला, तिकिटं दिली, जरा टेकून उभा राहिला, खाली उतरला, परत चढला. ओझं नाही, श्वास कोंडणं नाही, मध्ये मध्ये आपोआप विसावा. गोदीचं काम जड होतं, पण पॅफेनबर्गर यांनी ज्या मेहनतीचा फायदा दाखवला ती थोड्या थोड्या वेळाच्या जोरदार झटक्यांची होती, आणि त्या किनाऱ्यावर युनियन तगडी होती, अर्धी टोळी माल काढतेय तोवर अर्धी टोळी बसून दम खातेय अशी वहिवाट तिथे बऱ्याच काळ होती. म्हणजे ज्या कामगारांकडे बोट दाखवून आपण 'कष्टाने हार्ट सुधारतं' म्हणतो, त्यांच्या कष्टात आराम शिवलेला होता. माझ्या मते हाच धागा सगळ्यात महत्त्वाचा आहे आणि नेमका तोच गळून पडला.

आता अलीकडचं बघा. डेन्मार्कमधल्या कोपनहेगनमध्ये १,०४,०४६ लोकांना साधारण दहा वर्षं फॉलो केलं आणि २०२१ मध्ये 'युरोपियन हार्ट जर्नल'मध्ये निष्कर्ष आले. फावल्या वेळात जे भरपूर हालचाल करत होते त्यांच्यात मृत्यूचा धोका सुमारे ४० टक्के कमी होता. आणि कामावर ज्यांना सगळ्यात जास्त शारीरिक मेहनत होती त्यांच्यात मृत्यूचा धोका २७ टक्के जास्त आणि हार्ट अटॅक-स्ट्रोक वगैरेचा धोका ३५ टक्के जास्त. मोजणारे तेच, शहर तेच, फक्त घाम कुठे गाळला एवढ्याने चित्र उलटं. त्याआधी २०१८ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून १,९३,६९६ लोकांचा हिशोब झाला होता, त्यात कामावर जड मेहनत करणाऱ्या पुरुषांमध्ये लवकर मृत्यूचा धोका १८ टक्के जास्त आला, बायकांमध्ये असा फरक दिसला नाही. पण यावरून बायकांना काही होत नाही असं कुणी समजू नका. डेन्मार्कमधल्या १२ हजारांवर नर्सेसच्या अभ्यासात ज्यांना बीपी होतं आणि वर कामही शारीरिक कष्टाचं होतं, त्यांचा हृदयविकाराचा धोका बीपी नसलेल्या आणि बेताचं काम करणाऱ्या नर्सेसच्या जवळपास तिप्पट निघाला.

यावर एक आक्षेप हमखास येतो आणि तो बिनमहत्त्वाचा नाही. जड काम कोण करतं? ज्याच्याकडे पैसा कमी, शिक्षण कमी, घर दाटीवाटीचं, तंबाखू-सिगरेट जास्त, दवाखाना लांब. मग हार्ट कामाने बिघडलं की गरिबीने? अभ्यासक या गोष्टी गणितात वजा करायचा प्रयत्न करतात, पण गरिबी अशी पूर्ण वजा होत नाही. नॉर्वेत ४,३७,३७८ लोकांवरचा अभ्यास २०२१ मध्येच आला, त्यात शिक्षण, सिगरेट, उत्पन्न वगैरे नीट धरल्यावर हालचालीचं काम करणारे पुरुष बसून काम करणाऱ्यांपेक्षा उलट जास्त जगताना दिसले. हे लपवून ठेवण्यात काही अर्थ नाही. पण मला त्यातून 'चला, कष्टाने काही होत नाही' असं दिसत नाही. नॉर्वेतल्या कामगाराला कामाचे तास मर्यादित, आजारपणाची रजा भरपगारी, युनियन मजबूत, तिथलं जड काम आणि जिथे यातलं काहीच नाही तिथलं जड काम हे एका तराजूत घालताच येणार नाही. आणि दुसऱ्या बाजूनेही एक चूक होते. ज्याचं शरीर साथ देत नाही तो जड काम आपणहून सोडतो किंवा त्याला काढतात, त्यामुळे कामावर उरतात ते मुळात दणकट असलेले लोक. 'आमच्याकडे साठीचे लोक पन्नास किलो उचलतात बघा' असं कुणी म्हटलं की मला आधी विचारावंसं वाटतं, त्यांच्याबरोबर लागलेले बाकीचे कुठे गेले?

बरं, नुसत्या आकड्यांवर विसंबायचं कारण नाही, शरीरात काय घडतं तेही बऱ्यापैकी माहीत आहे. एक पोतं उचलतानाचे काही सेकंद घ्या. माणूस वाकतो, पोत्याला हात घालतो, श्वास छातीत कोंडतो, पोट-पाठ आवळतो आणि झटका देतो. श्वास कोंडला की छातीतला दाब वाढतो, आवळलेल्या स्नायूंमधल्या रक्तवाहिन्या दाबल्या जातात, रक्ताला जायला वाट कमी आणि हार्टला तर पंप करावंच लागतं, म्हणून बीपी एकदम उसळतं. किती उसळतं? १९८५ मध्ये पाच तगड्या बॉडीबिल्डर्सच्या धमनीत नळी घालून पायाने वजन ढकलताना बीपी मोजलं, तर सरासरी ३२०/२५० भरलं. ते कमाल जोराचं वजन होतं, पोत्याला एवढं होणार नाही, पण दिशा तीच. बॉडीबिल्डर दोन-चार सेट मारतो, मधे बसतो, पाणी पितो, उद्या दुसऱ्या स्नायूंना लावतो, परवा सुट्टी घेतो. हमाल तेच शंभर वेळा करतो, आज, उद्या आणि परवा, आणि त्यातही बीपी आहे की नाही हे त्याला माहीतच नसतं कारण कुणी मोजलेलंच नसतं.

पळायला किंवा पोहायला जाणारा माणूस अर्धा-पाऊण तास हार्टला जोरात पळवतो आणि मग उरलेले तेवीस तास ते हार्ट आरामात चालतं, विश्रांतीची पल्स खाली येते, बीपी खाली येतं. फायदा होतो तो या नंतरच्या तासांत. जड कामात नेमकं उलटं असतं. जोर एवढाही नसतो की हार्टची ताकद वाढावी आणि वेळ एवढा लांब असतो की पल्स आठ-दहा तास चढलेलीच राहते. त्यात ओव्हरटाइम, त्यात कामावर जायचा-यायचा प्रवास, घरी परत पाणी भरणं, आवरणं. चोवीस तासांची सरासरी काढली तर हार्टला सुट्टी अशी मिळतच नाही. कोपनहेगनमधले आंद्रेआस होल्टरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याची जी कारणं मांडली आहेत त्यात हेच येतं: वेळ फार लांब, पल्स आणि बीपी दिवसभर वर, विश्रांती अपुरी, कामावर स्वतःचा ताबा नाही आणि शरीरात सतत बारीक सूज. हे लोक कामगारांच्या पल्सला, बीपीला यंत्रं लावून मोजतात, टेबलावर बसून अंदाज बांधत नाहीत.

आता वयाचं. कामाच्या शास्त्रात एक जुना ठोकताळा आहे की आठ तासांच्या पाळीत माणसाने सरासरी आपल्या कमाल दमाच्या एक तृतीयांशाच्या वर जाऊ नये. ऐकायला ठीक वाटतं. पण कमाल दम, म्हणजे शरीर जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरू शकतं ते, तिशीनंतर दर दहा वर्षांनी साधारण दहा टक्के कमी होतं. कमाल पल्सही वयाबरोबर उतरते. समजा पंचविशीत एखाद्याला एखादं काम त्याच्या दमाच्या ३३ टक्क्यांत जमतंय. पंचावन्नाव्या वर्षी तेच काम, तेच पोतं, तोच जिना, त्याच्या दमाचे साधारण ४४ टक्के खाणार. पोत्याचं वजन काही वयाबरोबर कमी होत नाही ना! म्हणजे ज्या नोकरीला तो तरुणपणी 'जमतंय की' म्हणत होता तीच नोकरी काहीही न बदलता हळूहळू त्याच्या आवाक्याबाहेर जाते, आणि बाहेरून कुणाला काही दिसत नाही, कारण तो काम पूर्ण करतोच, फक्त घरी आल्यावर पडून राहतो, बोलत नाही, चिडतो, आणि घरच्यांना वाटतं स्वभावच बदललाय. मला या सगळ्या विषयात सगळ्यात जास्त अस्वस्थ करणारी गोष्ट हीच वाटते. ऑफिसात वय वाढलं की माणसाला बसायला केबिन मिळते, कामाची माणसं हाताखाली येतात, आणि अंगमेहनतीच्या कामात वय वाढतं तसं कामच आतून जड होत जातं, पगार मात्र उचललेल्या नगावर.

मज्जासंस्थेचा भाग लोकांच्या लक्षातच येत नाही म्हणून तो जरा सावकाश सांगतो. हार्टला दोन लगाम आहेत. एक सिम्पथेटिक मज्जासंस्था, ती पळवते: संकट आलं, काम आलं, राग आला की पल्स वाढव, रक्तवाहिन्या आवळ. दुसरी व्हेगस नर्व्ह, ती आवरते: जेवलास, झोपलास, बसलास, आता सावकाश. तरुण निरोगी माणसात या दोघींचं सतत देणं-घेणं चालू असतं, म्हणून दोन ठोक्यांमधलं अंतर सारखं थोडं कमी-जास्त होत राहतं. वय वाढतं तसा व्हेगसचा जोर ओसरतो, रक्तातलं नॉरॲड्रेनलिन वाढतं, ठोक्यांमधला तो लवचिकपणा कमी होतो, उठल्या-बसल्यावर बीपी पटकन सावरणारी यंत्रणा मंदावते. हे म्हातारपण सगळ्यांनाच येतं. आता रात्रंदिवस चढलेली पल्स, अपुरी झोप, रात्रपाळी, मशीनचा आवाज, वर माणूस ओरडतोय, हे सगळं त्याच दिशेने ढकलतं. निरोगी माणसाचं बीपी रात्री झोपेत दहा ते वीस टक्क्यांनी खाली येतं, ज्यांचं येत नाही त्यांच्या हार्टला आणि मेंदूला धोका जास्त हे कितीतरी अभ्यासांत दिसलंय. शरीर दमलेलं आहे पण झोप लागत नाही, छातीत धडधडतंय, अशी तक्रार जड काम करणारे लोक करतात तेव्हा त्यांना गोळी देण्याआधी कामाचे तास विचारायला काय हरकत आहे?

हाता-पायांच्या नर्व्हचं वेगळंच. साठीच्या पुढे मणक्याच्या आतल्या, स्नायू चालवणाऱ्या मज्जापेशी कमी व्हायला लागतात, आणि पहिला फटका बसतो झटकन ताकद लावणाऱ्या स्नायूतंतूंना, म्हणजे पाय घसरला तर चटकन सावरायला लागतात तेच. व्यायामाने हे बऱ्याच अंशी लांबवता येतं. पण कामात वापरली जाणारी काही यंत्रं उलट हे नुकसान वीस-तीस वर्षं आधीच करून ठेवतात. काँक्रीट फोडायचा ब्रेकर, ग्राइंडर, दगड तासायचं मशीन रोज तासन् तास हातात धरलं की बोटांतल्या बारीक रक्तवाहिन्या आणि नर्व्ह दोन्ही खराब होतात. आधी मुंग्या येतात. मग थंडीत बोटं पांढरीफटक पडतात. मग शर्टाचं बटण लावताना बटण बोटात आहे की नाही तेच कळत नाही, डोळ्यांनी बघावं लागतं, आणि चाळिशीतला माणूस बायकोला किंवा पोराला बटण लावायला सांगतो. हे काही नवीन नाही, १९१८ मध्ये अ‍ॅलिस हॅमिल्टन यांनी अमेरिकेत इंडियानातल्या दगडकामगारांच्या हातात हेच पाहून लिहून ठेवलंय. युरोपात या कंपनाची मर्यादा कायद्याने ठरलेली आहे, यंत्र किती हादरतं आणि किती तास धरलं याचा हिशोब मालकाने ठेवायचा. शंभर वर्षांपूर्वीचं ज्ञान आहे हे, आणि तरीही कित्येक ठिकाणी ब्रेकर मारणाऱ्याला हे कुणी सांगितलेलंच नसतं.

आणि मेंदू? इथे मी जपून बोलणार आहे, कारण इथे पुरावा वाढतोय पण कारण-परिणाम पक्का झालेला नाही. कोपनहेगनमधल्या ४,७२१ पुरुषांना १९७० पासून पुढे कित्येक दशकं फॉलो केलं, त्यात जड शारीरिक काम करणाऱ्यांना डिमेन्शियाचा, म्हणजे म्हातारपणी स्मरणशक्ती आणि समज ढासळण्याचा, धोका बसून काम करणाऱ्यांपेक्षा ५५ टक्के जास्त दिसला. नॉर्वेत सत्तरीच्या पुढच्या ७,००५ लोकांचा ३३ ते ६५ या वयातला कामाचा इतिहास बघितला, २०२३ मध्ये निष्कर्ष आले, तिथेही आयुष्यभर शारीरिक मेहनतीच्या कामात राहिलेल्यांमध्ये विसराळूपण आणि डिमेन्शिया जास्त. आता यात शिक्षणाचा वाटा आहे, डोक्याला चालना न देणाऱ्या कामाचा वाटा आहे, आणि माझ्या अंदाजाने बीपीचाही आहे, कारण मधल्या वयातलं न आवरलेलं बीपी मेंदूच्या बारीक रक्तवाहिन्या खराब करतं हे तर पक्कं माहीत आहे. दुसरीकडे २०११ च्या एका प्रयोगात १२० वयस्कर लोकांपैकी अर्ध्यांना वर्षभर नियमित चालायला लावलं तर त्यांच्या मेंदूतला हिप्पोकॅम्पस, आठवणीचं केंद्र, सुमारे २ टक्क्यांनी वाढला. म्हणजे हालचाल मेंदूला पोसते यात वाद नाही. मग जो माणूस जन्मभर हालचालच करतोय त्याच्या मेंदूला हा फायदा का मिळू नये? हा प्रश्न संशोधकांनी आणि सरकारांनी उशीला घेऊन झोपावा इतका मोठा आहे.

मला याचं सगळ्यात बोलकं उत्तर बोलिव्हियाच्या जंगलातल्या त्सिमाने लोकांकडे दिसतं. हे लोक शेती, शिकार, मासेमारी करून जगतात, रोजचे चार ते सात तास तरी शरीर हलतं. २०१७ मध्ये ४० ते ९४ वयाच्या ७०५ जणांचं सीटी स्कॅन केलं तर ८५ टक्के लोकांच्या हार्टच्या धमन्यांमध्ये कॅल्शियमचा, म्हणजे धमन्या खराब झाल्याच्या खुणेचा, मागमूस नाही, आजवर अभ्यासलेल्या कुठल्याही लोकसमूहात इतक्या स्वच्छ धमन्या नव्हत्या. पुढच्या अभ्यासात त्यांचा मेंदू वयाबरोबर आकसण्याचा वेगही श्रीमंत देशांपेक्षा बराच कमी निघाला. त्यांचं खाणं वेगळं, कोलेस्टेरॉल कमी, हे सगळं खरं. पण कष्ट तर आहेतच, आणि तेही म्हातारपणापर्यंत! फरक एवढाच की तिथे घड्याळ लावून उभा राहणारा मुकादम नाही. दमलं की बसतात, ऊन चढलं की सावलीत जातात, आज शिकार उद्या शेत, शरीराच्या एकाच भागावर रोज तोच ताण नाही. काम जड आहे की हलकं यापेक्षा काम थांबवायचा अधिकार कुणाच्या हातात आहे, यावर मी म्हणूनच जास्त भर देतो.

ब्रिटनमध्ये सरकारी नोकरांवर १९६७ पासून झालेल्या व्हाइटहॉल अभ्यासात हीच गोष्ट टेबलावरच्या लोकांतही दिसली होती, हुद्दा जितका खालचा तितके हार्टचे मृत्यू जास्त, आणि पुढच्या अभ्यासांत याचं एक कारण 'आपल्या कामावर आपला ताबा नसणं' हे निघालं. जड कामात तर हे दुप्पट बोचतं. उक्त्याचं काम, नगावर पैसे, हातातल्या स्कॅनरवर सेकंद मोजणारं टार्गेट, यात माणूस स्वतःच स्वतःला हाकतो. तहान लागली तरी पाणी पीत नाही कारण पाणी प्यायलं की लघवीला जावं लागेल आणि तेवढे नग कमी पडतील. उन्हात हे जिवावर बेततं: शरीर थंड करायला रक्त कातडीकडे जातं, घामाने रक्तातलं पाणी कमी होतं, हार्टला तेवढ्याच कामासाठी जास्त ठोके द्यावे लागतात. कतारमध्ये २००९ ते २०१७ या काळात मरण पावलेल्या १,३५४ नेपाळी कामगारांच्या नोंदी तपासल्या तेव्हा त्यातले ५७१ मृत्यू हृदयविकाराच्या नावावर होते, ही सगळी कामाच्या वयाची, निघण्याआधी मेडिकल पास झालेली माणसं. आणि तासांचं म्हणाल तर जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने मिळून २०२१ मध्ये सांगितलंय की आठवड्याला ५५ तास किंवा जास्त काम केल्याने २०१६ या एका वर्षात स्ट्रोक आणि हृदयविकाराने सुमारे ७ लाख ४५ हजार लोक गेले.

मग काय करायचं? 'कामगारांनाही जिमला पाठवा' हे उत्तर मला अर्धवट वाटतं. डेन्मार्कमध्येच ११६ सफाई कामगारांवर प्रयोग झाला, त्यातल्या अर्ध्यांना कामाच्या वेळेत आठवड्याला तासभर एरोबिक, म्हणजे दम वाढवणारा, व्यायाम दिला. चार महिन्यांनी त्यांचा दम वाढला, विश्रांतीची पल्सही खाली आली, पण चोवीस तासांचं वरचं बीपी सरासरी साडेतीन अंकांनी वाढलं. आधीच ओझ्याखाली असलेल्या शरीरावर, विसावा न वाढवता, अजून एक ओझं टाकलं की असं होऊ शकतं. दम वाढणं चांगलंच आहे, ज्याचा दम जास्त त्याला तेच काम कमी टक्क्यांत पडतं, म्हणून व्यायाम नकोच असं मी म्हणणार नाही. पण आधी कामाचा भार आणि तास कमी, झोप पुरेशी, मग व्यायाम, हा क्रम उलटा करून चालणार नाही.

"दर तासाला विश्रांती दिली तर काम कसं उरकायचं, खर्च कोण करणार?" हा मालकांचा प्रश्न आहे आणि छोट्या ठेकेदारासाठी तो खरा आहे हे मला कळतं. पण खर्च आजही होतोच आहे, फक्त तो कामगाराच्या घरातून होतोय. अटॅक आला की ॲडमिटचे पैसे त्याचे, बुडालेला रोज त्याचा, पन्नाशीत काम सुटलं की पुढचं आयुष्य त्याच्या पोरांच्या गळ्यात. थोडी थोडी, वारंवार, पगारी विश्रांती, वयाप्रमाणे उचलायच्या वजनाची मर्यादा, दिवसात कामांची अदलाबदल म्हणजे उचलणं-ढकलणं-चालणं-बसणं आलटून पालटून, ट्रॉली आणि पेशंट उचलायचा हॉइस्ट नुसता घेऊन न ठेवता वापरायला वेळ देणं, यात अशक्य असं काहीच नाही. आणि नगावर पैसे देणाऱ्या प्रत्येक ठिकाणी विसाव्याची मिनिटं दरात धरली पाहिजेत, नाहीतर कागदावर ब्रेक असेल आणि घेणारा कुणी नसेल.

डॉक्टरांकडूनही माझी एक ठाम अपेक्षा आहे. 'व्यायाम करता का?' या प्रश्नाला 'दिवसभर तेच करतो' असं उत्तर आलं की पेन पुढच्या रकान्यात सरकतो. तिथे थांबून चार प्रश्न विचारा: किती किलो, किती वेळा, मधे बसायला मिळतं का, रात्री झोप किती? शक्य तिथे कामाच्या दिवसाचं चोवीस तासांचं बीपी मोजा, कारण सुट्टी घेऊन, रांगेत दोन तास बसून आलेल्या माणसाचं बीपी नॉर्मल दिसूही शकतं. आणि अटॅकनंतर डिस्चार्ज कार्डावर 'जड काम टाळा' ही जी तीन शब्दांची ओळ लिहिली जाते, ती लिहून कुणाचीच जबाबदारी संपत नाही. ज्या माणसाला जड कामाशिवाय दुसरं काम कधी मिळालंच नाही तो ती ओळ वाचतो, कार्ड घडी करून खिशात ठेवतो आणि पंधरा-वीस दिवसांत परत त्याच ओझ्याखाली जातो, कारण घरी दुसरं कमावणारं कुणी नसतं. अटॅकनंतर त्याच कामाच्या जागी हलकं काम तेवढ्याच पगारात देण्याची सक्ती मालकावर हवी, ठेकेदार बदलला तरी ती सुटता कामा नये, आणि जिथे मालकच सापडत नाही अशा रोजंदारीच्या माणसाला बरं होईपर्यंतचा रोज सरकारी विम्यातून मिळाला पाहिजे. ज्या दिवशी त्याला कामावर परत पाठवायचं त्या दिवशी त्याचा दम मोजा, कामाला किती दम लागतो तेही मोजा, आणि दोन्ही आकडे त्याच्या हातात लिहून द्या.